फेरो शेडमधली नक्कल

साहेब, तुम्ही एका माणसाला त्याच्या चालण्यावरून आरोपी केलंत. चोरीवरून नाही, हाणामारीवरून नाही, कामचुकारपणावरूनही नाही. तो पाय कसा उचलतो आणि कसा टेकवतो, यावरून. असा आरोप लावायला डोकं लागतं आणि ते देवाने तुम्हाला भरभरून दिलंय. त्याबद्दल आधी तुमचं अभिनंदन. आता बाकीचं ऐका. ऐकायची सवय नसेल तर बसून ऐका.

त्या माणसाला सगळा कारखाना नकल्या म्हणायचा. कँटीनमध्ये तो उभा राहिला की लोक हातातला चहा खाली ठेवायचे, कारण हसताना नाकातून चहा येतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. हिशेबनीस चष्म्यावरून कसा बघतो, भट्टीवाला शिंक आली की आधी आकाशाकडे का बघतो, फाटकावरचा पहारेकरी आपण राजवाडा सांभाळतोय अशा थाटात डबे कसे तपासतो, सगळं त्याच्या अंगात होतं. ज्यांची नक्कल व्हायची तेही हसायचे. वाईट त्यालाच वाटायचं ज्याची नक्कल तो करायचा नाही.

कामाला तो फेरो शेडमध्ये होता. आता फेरो म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको असं कुणी म्हणेल. पण तुम्ही त्या शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा सांगितलेलं बरं. लोखंड वितळवलं, ओतलं आणि पोलाद झालं, इतकं ते सोपं नसतं. वितळलेल्या रसात शेवटी फेरो पडतो. लोखंडात दुसरा एखादा धातू भरपूर मिसळून केलेली ती ढेकळं. कशात सिलिकॉन, कशात क्रोम, कशात मँगनीज. रसातला नको तो वायू ती खातात, गंधकाची खोड मोडतात, पोलादाच्या अंगात जीव आणतात. फेरो टाकला नाही तर तुमचं पोलाद बिस्किटासारखं मोडेल आणि खरेदीदार ते चहात बुडवून खा म्हणून परत पाठवेल.

ही ढेकळं माणसाच्या डोक्याएवढी येतात. ती मुठीएवढी करायची तेव्हा रसात लवकर विरघळतात. त्यासाठी शेडमध्ये एक यंत्र आहे, त्याला जबडा म्हणतात. जे जबड्यात मावत नाही ते माणसाने घणाने फोडायचं. नकल्या घण मारायचा. जोडीला धोंडा नावाने ओळखला जाणारा त्याचा मित्र, आणि जबड्यावर एक म्हातारबुवा. मँगनीजचा फेरो फुटला की काळसर धूळ उडायची, पिठाच्या गिरणीत उडते तशी. फरक इतकाच की गिरणीतून माणूस पांढरा होऊन बाहेर येतो.

शेडच्या छताला धूळ ओढणारा मोठा पंखा होता. होता म्हणजे, अजूनही आहे. फक्त फिरत नाही. त्याचं तोंड मागच्या बाजूला, आणि मागच्या बाजूला झाडाची गार सावली. तुम्ही नवे आलात, सावली बघितलीत आणि आपली पांढरी गाडी तिथे लावलीत. आठवड्यात गाडी राखाडी झाली. कुणीतरी भीत भीत सुचवलं, साहेब, गाडी जरा पलीकडे लावली तर? तो कुणीतरी सध्या वजनकाट्यावर उन्हात बसतो. पंख्याला गाळणी बसवू म्हटलं तर ते पुढच्या वर्षी बघू. मग पंखाच बंद झाला. बरोबरच आहे. माणसाच्या छातीत धूळ गेली तर तो खोकून टाकतो, गाडी बिचारी खोकणार कशी?

हे सगळं नकल्याच्या बायकोला तेव्हा माहीत नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत यंत्र, त्याच्या एका बाजूला कापलेल्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला शिवलेल्यांचा, आणि मधल्या फटीतून घरातल्यांनी आडवं होऊन आत जायचं. तिला नवऱ्याचं एकच माहीत होतं. हा माणूस दारातून आत येताना दिवसभरातलं कुणीतरी सोबत घेऊन यायचा. कधी पहारेकरी व्हायचा आणि तिच्या कपड्यांच्या ढिगाची झडती घ्यायचा. ती चिडायची, "अहो, काजं चुरगळतायत!" आणि हसून हसून सुई बोटात टोचून घ्यायची.

मग तो एकटाच यायला लागला. यायचा, जेवायचा, झोपायचा. झोपही अशी की हाक मारली तरी कूस बदलायची नाही. चेहऱ्यावरची रेष हलेना. तिला वाटलं, रुसलाय. आदल्या महिन्यात तिच्या भावाला मागची खोली राहायला दिली होती, त्यावरून असेल.

"अहो, मनात काय आहे ते बोला तरी."

"काही नाही."

"काही नाही म्हणता आणि तोंड बघा आरशात. घरात माणूस आहे की भिंतीवरचा फोटो?"

"काही नाही गं." आवाजात चढ नाही, उतार नाही.

तिच्या आईला पडून मार लागल्याचं कळलं त्या संध्याकाळी ती रडत सांगत होती आणि तो हसला. खळखळून, खांदे हलवून हसला. चेहरा मात्र तसाच. तिने हातातली कात्री आपटली आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. तो म्हणाला होता, "मला हसायचं नव्हतं. आपोआप आलं." पण आयुष्यभर सोंगं करणाऱ्या माणसाला खरंच काही झालं, तर ते त्याने पटवायचं कुणाला?

त्यानंतर त्याची चाल बदलली. टाचा जमिनीला लागेनात. चवड्यांवर भार, कोपरं दुमडलेली, मान ताठ. कोंबडा उकिरड्याची पाहणी करायला निघाल्यासारखा.

आणि साहेब, नेमके तुम्हीही तसेच चालता. का चालता, हा तुमचा प्रश्न. कुणी म्हणतं उंच टाचांच्या बुटांमुळे, कुणी म्हणतं जमीन तुमच्या लायकीची नाही म्हणून. पण चालता.

नकल्या कँटीनमध्ये शिरला आणि बाकांवर हात बडवले गेले.

"वा रे वा! साहेब आले, उठा उठा!"

"मी काही करत नाहीये रे," तो म्हणाला.

"चेहरा बघ, चेहरा! माशी बसली तरी हलायचा नाही. याला म्हणतात कला!"

"खरंच काही करत नाही."

"साहेब पण हेच म्हणतात, मी काही करत नाही!" कँटीनचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

तो जितकं नाही म्हणाला तितके लोक हसले. शेवटी त्याने नाही म्हणणं सोडलं. तेही लोकांना नकलेतलंच वाटलं.

हे तुमच्या कानावर गेलंच असणार. चहापेक्षा किटली गरम असलेले लोक तुमच्या अवतीभवती कमी नाहीत. तरी तुम्ही मोठ्या मनाने वाट बघितलीत, ती सुरक्षा सप्ताहाची. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, हार आले. तुम्ही माईक धरून म्हणालात, "इथला प्रत्येक कामगार माझ्या घरातला माणूस आहे. त्याच्या जिवाची काळजी मला रात्री झोपू देत नाही." आणि तिसऱ्या रांगेतून नकल्या हसला. मोठ्याने, न थांबता. त्याला पुढे बोलावलंत. तो आला, चवड्यांवर, कोपरं दुमडून, मान ताठ ठेवून, थेट तुमच्या समोर. मांडवात जे हसू फुटलं ते कुणाला आवरलं नाही. तुमच्या गळ्यातला हारसुद्धा हलत होता.

दुसऱ्या दिवशी नकल्याला कामावरून घरी बसवलं. आरोप असा: वरिष्ठांच्या शारीरिक हालचालींची सार्वजनिक नक्कल करून कारखान्याची शिस्त बिघडवणे. चौकशीत दोषी ठरला तर कायमचा घरी.

घरी बायकोने त्याला धारेवर धरलं.

"हातचं काम घालवलंत ना? नकलांशिवाय जेवण पचत नव्हतं का?"

"मी नक्कल केली नाही."

"मग चाला. इथून त्या दारापर्यंत. साधं माणसासारखं चाला."

तो कपड्यांच्या ढिगांमधून चालत गेला. तसाच.

"निदान माझ्यासमोर तरी सोंग नको!"

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. "हे सोंग नाही गं. मला आता दुसरं चालताच येत नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नळ गळतो तसं, चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नसल्यासारखं.  इतके महिने ती ज्या रुसव्याशी भांडत होती तो रुसवा नव्हताच.

कारखान्याच्या डॉक्टरने त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"रोज किती घेता?"

"थेंब घेत नाहीत," बायको म्हणाली.

"सगळ्या बायका असंच म्हणतात."

"तुमची पण म्हणते का?"

डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याला आत बोलावलं. त्याच्या खिडकीतून फेरो शेडचं पत्र्याचं छप्पर आणि थांबलेला पंखा स्पष्ट दिसतो. पण खिडकीकडे पाठ करून बसण्याचाच त्याला पगार आहे.

बाहेरची डॉक्टरीण निराळी निघाली. तिने आधी विचारलं, काम काय करता. मग म्हणाली, "चार पावलं मागे चाला."

"मागे?"

"हो. उलटं. वळायचं नाही."

नकल्याने एक पाय मागे टाकला आणि उभ्या फळीसारखा मागे कोसळला. बायको मागे होती म्हणून वाचला. 

"मँगनीजची धूळ असेल तर ती नुसती छातीत राहत नाही, मेंदूत जाते," डॉक्टरीण म्हणाली. "मग चेहरा ताठतो, नको तेव्हा हसू येतं, चाल अशी होते. आधी उलटं चालणं जातं. पण एका माणसावरून मी छातीठोक सांगितलं तर तुमचे साहेब ते फुंकरीने उडवतील. यांच्याबरोबर काम करणारे कसे चालतात?"

बायकोला माहीत नव्हतं. दुसऱ्यांचे पाय कोण बघतं?

"यातून बरे होतील ना?"

"जेवढं गेलं तेवढं परत येईल असं मी सांगणार नाही. धूळ थांबली तर निदान पुढचं वाचेल."

संध्याकाळी ती फाटकासमोर जाऊन उभी राहिली. भोंगा झाला. माणसं बाहेर पडली, कुणी घाईत, कुणी रेंगाळत, कुणी एकमेकांना कोपरखळ्या देत. सगळी टाच टेकून चालणारी. तिचा धीर सुटायला लागला. वाटलं, डॉक्टरीण चुकली, आपणच वेड्या.

आणि गर्दी पांगल्यावर धोंडा आला.

या धोंड्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे की त्याला विनोद सांगितला तर तो दुसऱ्या दिवशी विचारायचा, "मग पुढे त्या माणसाचं काय झालं?" नक्कल करणं लांबच राहिलं, दुसऱ्याने केलेली नक्कलही त्याला समजावून सांगावी लागायची. तो धोंडा चवड्यांवर चालत येत होता. कोपरं दुमडलेली, मान ताठ. आणि मागून जबड्यावरचे म्हातारबुवा, तसेच. दोघे शांतपणे गप्पा मारत होते. दोघांना पत्ताही नव्हता.

ती पुढे झाली. सांगायला तोंड उघडलं आणि शब्द बदलला.

"भाऊजी, उद्या यांची चौकशी आहे. साक्षीला याल?"

"येतो की वहिनी. पण काय सांगायचं? मला बोलता येत नाही."

"काही सांगू नका. फक्त दारातून टेबलापर्यंत चालत या."

"एवढंच?"

"एवढंच."

शेडमधला पंखा कधीपासून बंद आहे तेवढं तिने त्याला जाता जाता विचारून घेतलं; त्याच्या पायांचं मात्र बोलली नाही, आणि रात्रभर तिला ते टोचत राहिलं. पण सांगितलं असतं तर तो आलाच नसता, घरी जाऊन स्वतःचे पाय बघत बसला असता. तिने गप्प राहायचं ठरवलं. हे बरं केलं की वाईट, ते तिचं तिला आजही ठरवता आलेलं नाही.

चौकशीची खोली तुम्हाला माहीत आहे. लांब टेबल, पाण्याच्या झाकलेल्या पेल्यांची रांग, भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'. एका बाजूला कायद्याचे साहेब, एका बाजूला डॉक्टर, मधे तुम्ही. फिर्यादीही तुम्ही आणि मधली खुर्चीही तुमची. घरचंच कार्य, पाहुणे कशाला? बायकोला आत घ्यायचं नाही असं ठरलं होतं, पण नकल्या उंबऱ्यापाशी धडपडला तेव्हा तिला त्याला धरून आत यावंच लागलं.

"चालून दाखव," कायद्याचे साहेब म्हणाले.

तो चालला. पाणी द्यायला आलेल्या शिपायाने तोंडावर रुमाल धरला.

"बघा!" तुम्ही टेबलावर हात आपटलात. "इथेसुद्धा! माझ्या तोंडावर! लाज वाटत नाही?"

"साहेब," बायको म्हणाली, "यांची बाजू सांगायला यांचा साक्षीदार आलाय. त्याला आत घ्या."

"तू गप्प बस."

"मी बसते. पण तो बाहेर उभा आहे. आत घ्या."

दार उघडलं. धोंडा आत आला. दारातून टेबलापर्यंत चालला. चवड्यांवर. कोपरं दुमडून. मान ताठ.

शिपायाचा रुमाल तोंडावरून खाली आला. कुणी हसलं नाही. धोंडा नक्कल करतोय हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. डॉक्टरने पहिल्यांदा मान वर केली.

"नमस्कार," धोंडा म्हणाला. मग सगळे आपल्या पायांकडे का बघतायत म्हणून त्याने खाली बघितलं. मग शेजारी उभ्या नकल्याच्या पायांकडे. मग परत आपल्या. टाचा टेकवायचा त्याने प्रयत्न केला. टेकल्या नाहीत.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मी पण?"

 तिने मान डोलावली.

मग ती टेबलाकडे वळली. "माझा नवरा साहेबांची नक्कल करतो असं धरून चालू. मग हे भाऊजी कुणाची करतात? फाटकावर जाऊन बघा, जबड्यावरचे म्हातारबुवा कुणाची करतात? भट्टीवरचा एक माणूस असा चालत नाही. वजनकाट्यावरचा चालत नाही. फक्त फेरो शेडमधले तीन चालतात. पंखा बंद झाल्यापासून चालतात. डॉक्टरसाहेब, यांना चार पावलं मागे चालायला सांगा. तुम्ही सांगा, मी धरायला मागे उभी राहते."

डॉक्टरने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डॉक्टरकडे बघितलंत. त्या बघण्यात जे बोलणं झालं ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. डॉक्टर म्हणाला, "हा वैद्यकीय विषय आजच्या चौकशीत येत नाही."

आणि तुमचा निकाल! नाक दाबलं की तोंड उघडतं असं म्हणतात, तुमचं नाक दाबलं तर निकाल बाहेर पडतो. तुम्ही ठरवलंत की हा एकट्याचा गुन्हा नाही. तिघांनी संगनमताने केलेली सामूहिक नक्कल आहे. पूर्वतयारी करून, सराव करून, एकमेकांशी पाय जुळवून. धोंड्यालाही घरी बसवलं. म्हातारबुवांनाही. ज्या माणसाला आयुष्यात एक विनोद कळला नाही त्याला तुम्ही विनोदाच्या कटात पकडलंत. आणि शेडच्या दारावर पाटी लागली: कामाच्या जागी सर्वांनी नीट चालावे.

नीट चालावे! पंखा नाही चालला तरी चालेल.

साहेब, तुम्हाला वाटलं विषय मिटला. तिघे घरी गेले, शेड मोकळी झाली, शेडमध्ये नवे तिघे आले. तरणेताठे, टाच टेकून धाडधाड चालणारे. घण हातात आल्याचा त्यांना आनंदच झालाय. आदल्या तिघांचं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, मस्करी फार करायचे.

नकल्याची बायको आता सकाळचं शिवण दुपारवर ढकलते आणि फाटकासमोर जाऊन उभी राहते. त्या तिघांना अडवते.

"दादा, आत जायच्या आधी चार पावलं मागे चालून दाखवा."

पहिल्या दिवशी ते हसले. "काय हो ताई, नाच शिकवताय का?"

"नाचच समजा. चाला."

त्यांनी गंमत म्हणून चालून दाखवलं. पहारेकरी ओरडला, "ए बाई, रस्ता सोड!" तो पूर्वी नकल्याच्या नकलेत सगळ्यांत जास्त हसायचा. ती म्हणाली, "भाऊ, रस्ता सरकारचा आहे, फाटक तुमचं. फाटक सांभाळा." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथे. तिसऱ्या दिवशीही. ते रोज हसतात आणि रोज चालून दाखवतात. ती रोज पायांकडे बघते, कपड्याची शिवण सरळ आलीय का बघतात तसं, डोळा बारीक करून.

काल त्यांच्यातला एक तिसऱ्या पावलाला अडखळला. पडला नाही. "बूट नवे आहेत," म्हणून हसला आणि आत गेला.

ती हसली नाही. ती तिथेच थांबली, तुमची गाडी येईपर्यंत. गाडी आली, स्वच्छ, पांढरी. ती समोर उभी राहिली. चालकाने हॉर्न दाबून धरला. तुम्ही काच खाली केलीत, बोटभर, धूळ आत येऊ नये म्हणून.

"बाजूला हो. काय पाहिजे तुला? नुकसानभरपाई?"

"नाही."

"नवऱ्याला परत घ्यायचं?"

"त्यांना आता घण उचलवत नाही."

"मग काय?"

"आज एक पोरगा अडखळला. पंखा आज चालू करणार आहात की नाही?"

तुम्ही काच वर केलीत. गाडी तिला वळसा घालून आत गेली आणि सावलीत जाऊन उभी राहिली.

साहेब, काच बंद करणं हे उत्तर नाही. तिघे बसलेत घरी, एकाला भिंत धरून न्हाणीत जावं लागतं, एक दिवसभर आपल्या टाचांकडे बघत बसतो, म्हातारबुवा तर आता अंथरुणातून उठत नाहीत. त्यांचं काय करणार हे तुम्हाला विचारून उपयोग नाही. पण शेडमध्ये या घटकेला तीन धडधाकट माणसं ती धूळ गिळतायत, आणि पंख्याचा खटका तुमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

चालू करणार की नाही? उत्तर द्या.